एक्सकेसीडीचं व्यंगचित्र मराठीत समजावून कसं सांगावं

मागच्या पावसाळ्यात भाचीने व्हॉट्सअ‍ॅपवर एक्सकेसीडी या इंटरनेटवरच्या कॉमिकचं एक चित्र पाठवलं. चार चौकटी, काड्यांची माणसं, रंग नाही. एका बाईला मुलाच्या शाळेतून फोन येतो, की आमच्या कॉम्प्युटरमध्ये जरा गोंधळ झालाय. बाई काळजीने विचारते, ‘त्याने काही मोडलं का?’ पलीकडून उत्तर येतं, ‘एका अर्थी हो. तुम्ही खरंच मुलाचं नाव रॉबर्ट'); ड्रॉप टेबल स्टुडंट्स;-- असं ठेवलंय?’ ‘हो तर. लिटल बॉबी टेबल्स म्हणतो आम्ही त्याला.’ शाळा वैतागून म्हणते, या वर्षीच्या सगळ्या विद्यार्थ्यांच्या नोंदी गेल्या, झालं समाधान? त्यावर बाई म्हणते, तुम्हीही आता डेटाबेसमध्ये येणारी माहिती आधी साफ करून घ्यायला शिकला असाल अशी आशा आहे.

भाची सिव्हिल इंजिनीअरिंगला आहे. तिने सरळ विचारलं, ‘मावशी, होस्टेलच्या ग्रुपवर सगळे हसून लोळतायत. मला काहीच कळलं नाही.’ माझं रोजचं काम डेटाबेसचं, त्यामुळे मी उत्साहाने भलामोठा मेसेज लिहिला. एसक्यूएल म्हणजे काय, टेबल म्हणजे काय, इंजेक्शन हल्ला कसा होतो, तो रोखण्याचे उपाय कोणते. दहा मिनिटांनी उत्तर आलं: ‘ओके, कळलं. थँक्यू मावशी.’

ज्याला विनोद पोचतो तो थँक्यू म्हणत नाही. मी तिला धडा शिकवला होता आणि तिने तो नीट वाचला होता, पण चित्र तिथेच राहिलं होतं. तेव्हापासून अशी चित्रं समजावायची माझी पद्धत मी बदलली. तीच इथे पायरीपायरीने लिहिते आहे. वाचणारा आणि त्याचं हसू यांच्यामध्ये बहुतेक वेळा एकच माहिती अडलेली असते. ती शोधायची, तेवढीच द्यायची आणि वाचणाऱ्याला परत चित्राकडे पाठवायचं. विनोद समजावला की मरतो असं म्हणतात, ते मला या चित्रांबाबत पटत नाही. एवढ्या वेगवेगळ्या विषयांतले संदर्भ एका माणसाला माहीत असणं शक्यच नाही. त्यामुळे कधी ना कधी प्रत्येकाला कोणाला तरी विचारावं लागतं. विचारणाऱ्याच्या वाट्याचं हसू त्याला मिळावं, एवढी काळजी सांगणाऱ्याने घ्यायची.

हे कॉमिक नेमकं काय आहे

एक्सकेसीडी हे रँडल मन्रो यांचं वेबकॉमिक. ते भौतिकशास्त्र शिकले, व्हर्जिनियातल्या नासाच्या लँगली संशोधन केंद्रात रोबॉटिक्सचं काम केलं, आणि २००५ मध्ये आपल्या वह्यांतली चित्रं इंटरनेटवर टाकायला लागले. चित्र सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी येतं. प्रेम, उपरोध, गणित आणि भाषा यांचं कॉमिक, असं त्याच्या माथ्यावरच लिहिलेलं आहे. नावाला अर्थ नाही, ते कशाचं लघुरूपही नाही. त्यामुळे नावाचा उलगडा करण्यात वेळ घालवू नका.

पात्रांनाही बहुतेक नावं नाहीत. टकल्याला क्यूबॉल आणि काळी टोपीवाल्याला ब्लॅक हॅट ही नावं वाचकांनी सोयीसाठी दिली आहेत. काळी टोपीवाला दिसला की तो कोणाची तरी खोड काढणार, एवढं नव्या वाचकाला सांगितलं की पुरे.

प्रत्येक चित्राला क्रमांक असतो. वरचं बॉबीचं चित्र ३२७ वं, ऑक्टोबर २००७ चं. कोणालाही चित्र सांगताना क्रमांक आधी द्या. शोधायला तोच उपयोगी पडतो.

पहिली पायरी: चित्र पूर्ण पाहा

पूर्ण म्हणजे शेवटच्या चौकटीपर्यंत नव्हे. माउस चित्रावर काही क्षण ठेवला की एक ओळ उमटते. तिला हॉवर टेक्स्ट म्हणतात. पुष्कळदा खरा फटका तिथे असतो, किंवा चित्रातल्या गोष्टीला तिथे आणखी एक पीळ बसतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या चित्रात ही ओळ नसते, कारण कोणीतरी फक्त प्रतिमा उचलून पुढे ढकललेली असते. म्हणून क्रमांक शोधा आणि मूळ साइटवर जा. फोनवर वाचत असाल तर पत्त्याच्या सुरुवातीला एम आणि टिंब लावा. मोबाइलसाठीची आवृत्ती उघडते, आणि तिथे चित्राखाली टिचकी मारून ती ओळ वाचता येते. दुसऱ्या कॉमिक्सच्या वेगळ्या तऱ्हा आहेत. एसएमबीसीमध्ये चित्राखाली लाल बटण असतं आणि त्यामागे एक जादा चौकट लपवलेली असते.

या टप्प्यावर गूगल करू नका. आधी स्वतःला कुठे अडखळायला झालं ते पाहून ठेवा, कारण तुम्ही जिथे अडलात तिथेच ऐकणाराही अडणार आहे. एकदा उत्तर कळलं की आपण कुठे अडलो होतो हे माणूस विसरतो. बॉबीच्या चित्राबाबत माझं तेच झालं. मला कधी अडखळावंच लागलं नव्हतं.

दुसरी पायरी: घडतंय काय, ते साध्या मराठीत लिहा

एकही तांत्रिक शब्द न वापरता दोन-तीन वाक्यांत लिहायचं. कोण कोणाला काय म्हणतंय, आणि कुठल्या वाक्याला समोरच्याचा तोल जातो.

५५२ व्या चित्रावर हे करून बघा. एकजण म्हणतो, ‘सहसंबंध म्हणजे कार्यकारण असं मला आधी वाटायचं. मग मी स्टॅटिस्टिक्सचा कोर्स केला. आता तसं वाटत नाही.’ दुसरी म्हणते, ‘म्हणजे कोर्सचा उपयोग झाला म्हणायचा.’ तो म्हणतो, ‘असेलही.’ संपलं. समजावणारे बहुतेकजण इथे सहसंबंधाची व्याख्या देतात, आइस्क्रीमची विक्री आणि बुडून होणारे मृत्यू हे उदाहरण देतात, आणि थांबतात. पण तोल जातो तो ‘असेलही’ या शब्दावर. आधी कोर्स झाला, मग मत बदललं, म्हणून कोर्समुळेच मत बदललं असं म्हणणं हीच ती चूक, जी टाळायला तो कोर्समध्ये शिकला. हे एक वाक्य सांगितलं की व्याख्येची गरजसुद्धा उरत नाही.

तिसरी पायरी: अडलेला दुवा कुठल्या जातीचा आहे ते ओळखा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण दुव्याची जात चुकली की पुढचं सगळं चुकतं.

कधी दुवा तांत्रिक असतो. १४९ व्या चित्रात एकजण म्हणतो, मला सँडविच करून दे. दुसरा म्हणतो, तूच कर की. पहिला म्हणतो, ‘सुडू, मला सँडविच करून दे.’ दुसरा निमूटपणे ‘ओके’ म्हणतो. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर काम करणाऱ्यांना माहीत असतं की नेहमीच्या वापरकर्त्याला बरीच कामं करायची परवानगी नसते. तोच हुकूम सुडू या शब्दाने सुरू केला की यंत्र तुम्हाला मालक समजतं आणि ऐकतं. माणसांनाही तो शब्द लागू पडतो, यात गंमत आहे. ‘मेक’ हीसुद्धा त्याच जगातली एक आज्ञा आहे, म्हणून इंग्रजी वाक्यात आणखी एक पदर सापडतो. मराठीत ‘करून दे’ म्हटलं की तो पदर निसटतो. निसटू द्यावा. सांगायचाच असेल तर शेवटी वेगळ्या वाक्यात सांगा. मुख्य हसू सुडूवर उभं आहे.

कधी दुवा त्या मंडळींच्या जुन्या आठवणींतला असतो. २२१ व्या चित्रात फक्त काही ओळींचा प्रोग्रॅम आहे. रँडम आकडा देण्याचं काम त्याच्याकडे आहे, आणि तो दर वेळी ४ हाच आकडा देतो. शेजारी टीप आहे: नि:पक्षपाती फासा टाकून निवडला, रँडम असल्याची खात्री. हे कोणालाही कळतं. फासा टाकला तेव्हा ४ खरोखरच रँडम होता, पण एकदाच टाकलेला फासा जन्मभर पुरवायचा म्हटल्यावर त्यात रँडम काय राहिलं? अडचण हॉवर टेक्स्टमध्ये येते. तिथे म्हटलंय की आरएफसी ११४९.५ नुसार ४ हा आयट्रिपलई या इंजिनीअरांच्या संस्थेने तपासलेला प्रमाण रँडम आकडा आहे. इंटरनेट कसं चालावं याचे नियम ज्या कागदपत्रांत असतात त्यांना आरएफसी म्हणतात, आणि त्यांचे क्रमांक पूर्णांक असतात. ११४९ क्रमांकाची आरएफसी खरोखर आहे. १ एप्रिल १९९० ची, कबुतरांच्या पायाला कागद बांधून इंटरनेटचा डेटा पाठवण्याविषयीची. नॉर्वेतल्या बर्गनच्या लिनक्सप्रेमींनी २००१ मध्ये तसं करूनही पाहिलं: ९ पाकिटं सोडली, ४ उत्तरं परत आली. एप्रिल फूलच्या दस्तऐवजाला दशांश जोडलाय आणि ज्या संस्थेचा आरएफसीशी संबंध नाही तिचा शिक्का मारलाय, हे कळलं की ती ओळ खुलते. या चित्राला पुढे एक खरा प्रसंगही येऊन मिळाला. डिसेंबर २०१० मध्ये बर्लिनच्या केऑस कम्युनिकेशन काँग्रेसमध्ये काही हॅकर्सनी दाखवून दिलं की प्लेस्टेशन ३ च्या डिजिटल सहीत जो आकडा दर वेळी नवा हवा, तो कायम एकच होता, आणि त्यामुळे गुप्त किल्ली गणिताने काढता आली. आपल्या स्लाइड्समध्ये त्यांनी हेच चित्र वापरलं.

कधी दुवा अमेरिकन रोजच्या जगण्यातला असतो, आणि आपण मराठी वाचक नेमके इथे फसतो. २३४७ व्या चित्रात ठोकळ्यांचा एक अवाढव्य डोलारा आहे, आजची सगळी डिजिटल यंत्रणा. खाली कोपऱ्यात एक बारकुडा ठोकळा सगळा भार पेलून उभा आहे. त्याकडे बाण: नेब्रास्कातला कोणीतरी माणूस २००३ पासून हा प्रकल्प सांभाळतोय, आणि कोणी त्याचे आभारही मानत नाही. नेब्रास्का हे अमेरिकेच्या मध्यभागातलं शेती-पशुपालनाचं राज्य. सॉफ्टवेअर म्हटलं की डोळ्यांसमोर येणाऱ्या कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापासून फार दूर. एवढं सांगा. नेब्रास्काच्या जागी आपल्याकडचा एखादा आडबाजूचा तालुका घालण्याचा मोह होतो, तो आवरा. तसं केलं तर ते तुमचं चित्र झालं. वाचणाऱ्याला मूळ चित्र वाचता आलं पाहिजे, उद्या मूळ चित्र कोणी समोर ठेवलं तर तिथेही त्याला नेब्रास्का ओळखू आलं पाहिजे.

मात्र तीच गोष्ट खरोखर आपल्याकडे घडलेली असेल, तर ती जरूर सांगा. ९२७ व्या चित्रात म्हटलंय: परिस्थिती, चौदा मानकं एकमेकांशी स्पर्धा करतायत. दोघं ठरवतात, हे काही खरं नाही, सगळ्यांना चालेल असं एकच मानक बनवू. लवकरच: परिस्थिती, पंधरा मानकं एकमेकांशी स्पर्धा करतायत. वर उदाहरणांत चार्जर, इन्स्टंट मेसेजिंग आणि अक्षरांचं एन्कोडिंग आहे. इंग्रजी वाचक एन्कोडिंगवरून पुढे सरकतो. मराठी वाचकाने तिथे थांबावं. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, प्रत्येक फाँटची अक्षरांची मांडणी वेगळी. एका कॉम्प्युटरवर टाइप केलेली कविता दुसऱ्यावर उघडली की तिथे तो फाँट नसल्यामुळे इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा भुसा दिसायचा. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक १९९१ मध्ये ठरलं, त्याच वर्षी युनिकोड या जगभरच्या लिप्यांसाठीच्या मानकाची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यात देवनागरी होती. तरी पुढे कित्येक वर्षं आपली डीटीपीची दुकानं आपापल्या फाँटवरच चालली. ज्याने एखादी दिवाळी अंकाची फाइल अशी उघडून पाहिली आहे, त्याला ‘पंधरा’ हा आकडा समजावून सांगावा लागत नाही.

चौथी पायरी: आकडेमोड स्वतः करा

मन्रो यांच्या चित्रांत आकडा शोभेसाठी नसतो. तो तपासता येतो, आणि तपासताना चित्र जेवढं समजतं तेवढं दुसऱ्याचं वाचून समजत नाही.

९३६ वं चित्र पासवर्डचं आहे, ऑगस्ट २०११ चं. ट्रूबडॉर हा अवघड शब्द घेऊन त्यात ओच्या जागी शून्य, एच्या जागी ४, शेवटी एक चिन्ह आणि आकडा, असा पासवर्ड एका बाजूला. दुसऱ्या बाजूला चार साधे शब्द: करेक्ट, हॉर्स, बॅटरी, स्टेपल. चित्रातल्या बारीक चौकोनांत हिशेब मांडलेला आहे. पहिल्या पासवर्डसाठी मूळ शब्दाचे १६ बिट, मोठ्या अक्षराचा १, अदलाबदलीचे ३, चिन्हाचे ४, आकड्याचे ३, चिन्ह आधी की आकडा आधी याचा १. बेरीज २८. एक बिट म्हणजे हो की नाही असा एक प्रश्न, म्हणून अठ्ठावीस दोन एकमेकांशी गुणायचे: २६,८४,३५,४५६ शक्यता. सेकंदाला हजार प्रयत्न धरले तर २,६८,४३५ सेकंद. दिवसाचे ८६,४०० सेकंद, म्हणजे तीन दिवसांहून थोडं जास्त. चित्रात ३ दिवस लिहिलंय. आता चार शब्द. दोन हजार अठ्ठेचाळीस शब्दांच्या यादीतून एक शब्द उचलणं म्हणजे ११ बिट, चार शब्दांचे ४४. हाच हिशेब केला तर साधारण ५५७ वर्षं येतात. चित्रात ५५० आहेत.

हा हिशेब वहीत मांडून पाहिला की चित्राचं शेवटचं वाक्य बोचतं: वीस वर्षं मेहनत करून आपण सगळ्यांना असे पासवर्ड वापरायची सवय लावली, जे माणसाला लक्षात ठेवायला कठीण आणि कॉम्प्युटरला ओळखायला सोपे आहेत.

इथे समजावणाऱ्यावर एक जबाबदारी येते, कारण ऐकणारा हा सल्ला पाळूही शकतो. ते चार शब्द आंधळेपणाने, फासे टाकून निवडलेले असतात. ‘गणपती बाप्पा मोरया मंगलमूर्ती’ हेही चार शब्दच आहेत, पण ते एकमेकांचा हात धरून येतात, त्यामुळे ४४ बिटांचा हिशेब त्यांना लागू होत नाही. चित्रातलेच चार शब्द तर मुळीच वापरू नयेत. आणि सेकंदाला हजार प्रयत्न हा वेग एखाद्या वेबसाइटवर बाहेरून हल्ला केल्याचा आहे. चोरीला गेलेल्या हॅशवर, म्हणजे साइटने साठवलेल्या पासवर्डच्या सांकेतिक रूपावर, हल्ला कितीतरी वेगाने होतो, हे चित्रातच बारीक अक्षरांत लिहिलेलं आहे. ती बारीक अक्षरं सांगायची राहू देऊ नका.

८८२ वं चित्रही असंच हातात घेऊन बघण्यासारखं आहे. जेली बीन्समुळे पुटकुळ्या येतात अशी ओरड होते. शास्त्रज्ञ माइनक्राफ्टचा खेळ सोडून नाइलाजाने तपासतात, काही संबंध सापडत नाही. मग कोणीतरी म्हणतं, म्हणे एकाच रंगाच्या गोळीने होतं. वीस रंग, वीस छोट्या चौकटी, सगळीकडे तेच उत्तर: संबंध नाही. फक्त हिरव्या रंगाला संबंध निघतो, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात पहिल्या पानावर बातमी: हिरव्या जेली बीन्सचा पुटकुळ्यांशी संबंध, योगायोगाची शक्यता फक्त ५ टक्के!

हिरव्या रंगाच्या चौकटीत लिहिलेल्या ‘पी ०.०५ पेक्षा कमी’ याचा अर्थ एवढाच, की मुळात काहीच संबंध नसताना असा किंवा याहून ठळक निकाल निव्वळ योगायोगाने शंभरात पाचपेक्षा कमी वेळा दिसेल. शंभरात पाच म्हणजे वीसात एक, आणि चौकटी मोजल्या तर वीस आहेत. मी भाचीला सांगताना एवढंच म्हटलं: ‘चौकटी मोज.’ हिशेबाची आवड असेल त्याने वीस वेळा ०.९५ लिहून सगळ्यांचा गुणाकार करावा. ०.३६ च्या आसपास येतं, म्हणजे वीस चाचण्यांत एक तरी खोटा संबंध निघण्याची शक्यता ६४ टक्के. गोळ्यांबद्दल दोनच शब्द सांगा, त्या रंगीबेरंगी साखरेच्या गोळ्या असतात. रंगांची संख्या महत्त्वाची आहे, चव नाही.

आणि कधी तपासता तपासता लेखकाचीच निसटलेली गोष्ट हाती लागते. २८७ व्या चित्रात हॉटेलात बसलेला एकजण वेटरला सांगतो, आम्हाला बरोबर १५.०५ डॉलरचे स्टार्टर द्या. मेन्यूवर सहा किमती: फळं २.१५, फ्रेंच फ्राइज २.७५, सॅलड ३.३५, हॉट विंग्ज ३.५५, मोझरेला स्टिक्स ४.२०, सँपलर प्लेट ५.८०. दिलेल्या आकड्यांतून नेमकी बेरीज जुळवण्याचा प्रश्न एनपी-कम्प्लीट या कुटुंबातला आहे. अशा प्रश्नांचं कुठलंही मोठं उदाहरण झटपट सोडवण्याची युक्ती आजवर कोणाला सापडलेली नाही. वेटरच्या डोक्यावर तो प्रश्न लादलाय, इथे गंमत आहे. एक फळं, दोन हॉट विंग्ज आणि एक सँपलर प्लेट घेतली की १५.०५ होतात. पण २.१५ ला सातने गुणून बघा. फळांच्या सात बशा मागवल्या तरी काम होतं, आणि हे उत्तर मन्रो यांच्या मनात नव्हतं असं त्यांनी नंतर सांगितलं. हे मला दहावीतल्या एका मुलाने दाखवलं. त्याला एनपी-कम्प्लीट ठाऊक नव्हतं, पण त्याने खरोखर गुणाकार करून पाहिला होता.

पाचवी पायरी: तारीख लावा

चित्र कधी आलं आणि ज्या घटनेशी तुम्ही ते जोडता ती कधी घडली, हे पडताळा. नेब्रास्काचं चित्र ऑगस्ट २०२० चं. लॉगफोरजे या छोट्या घटकातली त्रुटी जगभर गाजली ती डिसेंबर २०२१ मध्ये, आणि तेव्हा हे चित्र जिथे तिथे फिरलं. म्हणून ‘हे चित्र लॉगफोरजेवर आहे’ असं लिहिलेलं आढळतं. ते चूक आहे. ‘लॉगफोरजेच्या वेळी लोकांना हे चित्र आठवलं’ हे बरोबर आहे. त्याआधी मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड हा अवघ्या ११ ओळींचा तुकडा त्याच्या लेखकाने काढून घेतला आणि असंख्य प्रकल्प बंद पडले. तो प्रसंग वाचकाला सांगण्यासारखा आहे, पण चित्र त्याच्यावरच काढलं असं छातीठोकपणे म्हणू नका.

सहावी पायरी: लिहा, आणि वेळेत थांबा

आधी नेहमी काय घडतं ते सांगा, मग इथे काय बिघडलं ते सांगा. उलट क्रमाने सांगितलं की विनोद गेलाच. नियम माहीत नसताना नियम मोडल्याचं हसू येत नाही. पहिल्या मेसेजात माझं हेच चुकलं होतं. मी थेट हल्ल्यापासून सुरुवात केली होती, आणि साधं नाव साध्या फॉर्ममध्ये भरलं की काय होतं हे सांगितलंच नव्हतं.

शब्द निवडताना, जो शब्द ऐकणारा रोज बोलतो तोच घ्या. डेटाबेसला विदागार आणि पासवर्डला परवलीचा शब्द म्हटलं तर त्याला एक विनोद समजण्याआधी दोन शब्द समजून घ्यावे लागतात. उलट सहसंबंध, कार्यकारण हे शब्द मराठीतून शिकलेल्यांना जवळचे वाटतात, तिथे ते वापरा. ‘हे खूप विनोदी आहे कारण’ अशी वाक्यं खोडून टाका. शेवटचं वाक्य तुमचं नसावं. ‘आता तिसरी चौकट पुन्हा बघ’ असं म्हणून थांबावं.

लिहिलेलं कुठे टाकणार असाल तर हेही लक्षात ठेवा. ही चित्रं क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली आहेत: लेखकाचं नाव द्या आणि त्यावर पैसे कमवू नका, मग चित्र वापरायला, भाषांतर करायला मोकळीक आहे. क्रमांक, नाव आणि मूळ पान द्या. चित्र न दिसणाऱ्यांसाठी दुसऱ्या पायरीतली तुमची दोन-तीन वाक्यं वर ठेवा, ती इथे पुन्हा कामी येतात.

त्याच भाचीला मी बॉबीचं चित्र काही महिन्यांनी पुन्हा समजावलं. तिच्या होस्टेलच्या खोलीतली मैत्रीण वसईची. आडनाव असं, की इंग्रजीत लिहिताना डी या अक्षरानंतर वरती एक छोटं चिन्ह येतं. वसईत आणि गोव्यात अशी आडनावं घरोघर आहेत. एका परीक्षेचा ऑनलाइन अर्ज तिला तीनदा ‘अवैध अक्षर’ म्हणून परत आला होता, आणि शेवटी चिन्ह गाळून नाव भरावं लागलं होतं. भाचीने ते सगळं शेजारी बसून पाहिलं होतं. माझा अडलेला दुवा तिथे आयता पडलेला होता. मेसेज असा लिहिला:

‘शाळेच्या प्रोग्रॅममध्ये मुलाचं नाव दोन अवतरणचिन्हांच्या मध्ये ठेवतात. पहिलं चिन्ह दिसलं की कॉम्प्युटर समजतो, नाव सुरू झालं. दुसरं दिसलं की समजतो, नाव संपलं, आता पुढे येईल तो माझ्यासाठी हुकूम. तुझ्या मैत्रिणीच्या आडनावात येतं तेच हे चिन्ह. तिचं नाव अर्ध्यात संपल्यासारखं वाटू नये म्हणून त्या साइटवाल्यांनी चिन्हच बंद करून टाकलं. या शाळेने तेवढंही केलं नव्हतं. आता मुलाचं नाव पुन्हा वाच. रॉबर्टच्या पुढे तेच चिन्ह आहे. नंतरचे शब्द म्हणजे “विद्यार्थ्यांचा तक्ता काढून टाक”. शेवटच्या दोन रेघा म्हणजे “यापुढचं वाचू नकोस”. आता फोनवरच्या बाईचं शेवटचं वाक्य बघ.’

एक गोष्ट मी मुद्दाम बाजूला ठेवली. आईने सांगितलेला ‘साफ करून घ्या’ हा उपाय आज अपुरा मानतात. माहिती आणि हुकूम वेगवेगळ्या वाटांनी पाठवावेत, मग नावात काहीही असलं तरी ते नावच राहतं. चिन्हावर बंदी घालावी लागत नाही, आणि वसईच्या मुलीला आपलं आडनाव आहे तसं लिहिता येतं. हे तिला दुसऱ्या दिवशी सांगितलं, स्वतंत्रपणे.

यावेळी थँक्यू आलं नाही. आधी हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग आली, मग मैत्रिणीला दाखवल्याचा व्हॉइस मेसेज आला, त्यात दोघींचं हसणं. आणि रात्री पुढचा प्रश्न: ‘मावशी, माउस ठेवल्यावर येतं ते काय आहे? मुलीचं नाव “वाचवा, मी ड्रायव्हिंग लायसन्सच्या कारखान्यात अडकलेय”?’

तिला लिहिलं: ‘अमेरिकेत चिनी हॉटेलात जेवणानंतर फॉर्च्यून कुकी नावाचं पोकळ बिस्कीट देतात, आत भविष्याची चिठ्ठी असते. तिथला एक जुना विनोद आहे, की चिठ्ठी उघडली तर तिच्यावर लिहिलेलं, “वाचवा, मला फॉर्च्यून कुकीच्या कारखान्यात कोंडलंय”. आता बॉबीच्या बहिणीचं लायसन्स डोळ्यांसमोर आण, आणि नावाच्या रकान्यात काय छापलंय ते वाच.’